बँडातले सरकार

तो आमच्या बँडात आला तेव्हा त्याला साधा स्टोव्ह पेटवता येत नव्हता. तोंडानं फुंकायचा पितळी कॉर्नेट मात्र असा वाजवायचा, की सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उतरवणारे हमाल पाठीवर पोतं घेऊनच थांबायचे.

बँडाची खोली पेठेच्या मागच्या गल्लीत होती. लांबट, अंधारी. भिंतीला खिळे, खिळ्यांना लाल कोट, कोटांना पिवळी जर. मी तिथं क्लॅरोनेट वाजवायचो. मूळचा वडूजचा. वडील लष्कराच्या बँडात होते, मी त्यांच्याकडंच शिकलो. आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली त्या साली आज्ज्यानं गावकीचं वाजवणं बंद केलं होतं, त्यामुळं मी लग्नाच्या बँडात जातो म्हणालो तेव्हा घरात मोठी खडाजंगी झाली. मी वडिलांना सांगितलं, "ह्ये गावकीचं न्हाई. बोलावलं तर जायाचं, ठरल्यालं घ्यायाचं, टायमात माघारी यायाचं. तुमी लष्करात काय येगळं केलं?" वडील बराच वेळ मिशी चावत बसले. मग म्हणाले, "कोट सोताच्या मापाचा शिवून घे. कुनाचा उतरल्याला घालू नगं." तेवढ्यावर मिटलं.

आमचे मास्तर मुसलमान, साठीच्या पुढचे, मेंदी लावलेली दाढी. संस्थानं होती तेव्हा ते एका दरबारच्या बँडात होते. संस्थान गेलं, पुढं काही वर्षांनी बँडही मोडला, मास्तर सांगलीला आले आणि त्यांनी आपला बँड काढला.

एका दुपारी तो दारात उभा राहिला. पंचविशीचा, उंच, हातात चामडी पेटी. मास्तर त्याला बघून ताडकन उठले, आणि तसेच खाली बसले, जणू उगाच उठलो होतो असं दाखवत. मग जरा जास्तच खेकसून म्हणाले, "वाजव." त्यानं वाजवलं. आमचा ढोलवाला विडी विझवायची विसरला.

नाव सांगितलं, गाव सांगितलं कर्नाटकाच्या हद्दीकडचं. ढोलवाल्यानं विचारलं, "वडील काय करत्यात?"

"त्यांना सरकारकडून पगार यायचा," तो म्हणाला. "सरकारनं बंद केला."

ढोलवाल्याला वाईट वाटलं. "सगळीकडं त्येच चाललंया गड्या," असं म्हणून त्यानं त्याला अर्धा चहा दिला. मास्तर तोंड फिरवून खोकत राहिले. पुढं कळलं, ते हसत होते.

राहायला त्याला माझ्या खोलीवर पाठवलं. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तो हात धुऊन आला आणि ताट तसंच टाकून खिडकीशी उभा राहिला.

मी म्हटलं, "ताट कोन उचलनार? तुझा बाप?"

त्यानं खरोखर विचार केला. "नाही," म्हणाला, "ते कधीच उचलत नाहीत."

त्यात चेष्टा नव्हती. तो चहावाल्या पोऱ्यालाही 'आपण' म्हणायचा. कोट काढला की हात जरासा मागं धरून थांबायचा, जणू मागून कुणी तो घेणार आहे. एसटीत धक्का बसला की धक्का देणाराचीच माफी मागायचा. मला वाटायचं, मिशनच्या शाळेत वाढलेला असेल. भाकरी त्याला कधीच जमली नाही, पण स्टोव्हला पिन मारायला, कपडे पिळायला, गादी गुंडाळायला तो इतक्या हौसेनं शिकला की मला शिकवताना मजा यायची. पहिल्यांदा स्टोव्हची ज्योत निळी झाली तेव्हा त्यानं मला हाक मारून दाखवली.

इथं माझ्याबद्दल एक सांगून टाकतो. मला बायकांची ओढ नाही, हे मिसरूड फुटायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. त्याला काय म्हणतात तो शब्द मला ठाऊक नव्हता, आणि शब्दावाचून माझं काही अडतही नव्हतं. मी त्यावर कधी रडलो नाही. गावात माझ्या वयाची पोरं लग्नाला उभी राहिली तेव्हा मी क्लॅरोनेट उचलून सांगलीला आलो, आणि घरचे विचारायचे तेव्हा सरळ "न्हाई करायचं" म्हणायचो. कारण विचारलं तर "मन न्हाई" म्हणायचो. तेही खरंच होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही माण तालुक्यात एक लग्न वाजवलं. दहिवडीच्या अलीकडचं गाव. पाऊस नाही, झाडाला पान नाही, गावातले निम्मे पुरुष मुंबईला. पण लग्न म्हटल्यावर सगळे आलेले. दिवसभर तापलेल्या वाऱ्यात वाजवून त्याचा खालचा ओठ फाटला. कॉर्नेटवाल्याचा ओठ म्हणजे त्याचं सगळं भांडवल. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत खोलीवर मी आईनं दिलेल्या तुपाची बरणी काढली आणि म्हटलं, "हिकडं बस. उजेडात."

तो बसला. मी बोटावर तूप घेतलं. त्यानं माझं मनगट धरलं.

"माझ्या तोंडाला आजवर वैद्यानंसुद्धा विचारल्याशिवाय हात लावला नव्हता."

"मग इचारतो की. लावू?"

"लाव."

मी लावलं. त्यानं मनगट सोडलं नाही. खालून भाजीवाली ओरडत गेली, समोरच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला, तरी दोघं तसेच.

मग तो म्हणाला, "हे फक्त ओठासाठी नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मला ठाऊक हाय," मी म्हटलं. "तुला ठाऊक हाय का, त्येच कवापासनं बघतुया."

तो हसला, आणि फाटलेला ओठ पुन्हा फाटला. मी उठून दार लावून घेतलं.

त्यानंतरचा पावसाळा आमचा होता. पावसाळ्यात लग्नं नसतात, बँड नुसता सराव करतो. सकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर जायचो. तो लांब सूर धरायचा, मी त्याच्याखाली सूर ठेवायचो. नदी फुगलेली असली की आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन यायचा. माघारी येताना भडंग घ्यायचो आणि एकाच कागदातून खायचो. रस्त्यात तो माझ्या खांद्यावर हात टाकायचा. दोन गडी खांद्यावर हात टाकून चाललेत, ह्यात सांगलीत कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. लोकांना जे दिसत होतं ते खरंच होतं. फक्त सगळं दिसत नव्हतं. मी आयुष्यात इतका सुखी आधी कधी नव्हतो, आणि मला ते त्याच वेळी कळत होतं.

मग साताऱ्याची सुपारी आली. मोठ्या घरचं लग्न, गोरज मुहूर्त, त्यामुळं वरात उन्हं कलायच्या आत निघणार होती. आम्ही लाल कोटात पुढं, मागं नवरदेवाचा पांढरा घोडा. घोड्याचा लगाम एका म्हाताऱ्यानं धरलेला. पांढरं पागोटं, पाय किंचित वाकलेले, घोड्यावर उमर गेलेल्या माणसाचे असतात तसे. वरात चौकात वळताना आमची रांग फिरली, आणि तो म्हातारा आणि आमचा कॉर्नेटवाला समोरासमोर आले.

म्हाताऱ्यानं लगाम सोडला. नवरदेव घोड्यावर तसाच, घोडा मोकळा, आणि म्हातारा भर रस्त्यात कमरेत वाकून मुजरा करायला लागला. एकदा. परत एकदा.

"सरकार! सरकार, तुमी हितं?"

ढोल थांबला. मी थांबलो. मी मागं बघितलं, की कोण सरकार आलेत. मागं फक्त केळेवाला होता.

त्यानं कॉर्नेट खाली केला. म्हाताऱ्याला दोन्ही खांदे धरून उठवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी कामावर आहे. घोडा धरा, पोरगं पडेल." मग मास्तरांकडं बघून मान हलवली, कॉर्नेट ओठाला लावला आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढं वाजवलं. वरात चालू लागली. पण मुलीच्या बापापासून फटाके लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माना त्याच्याकडं. म्हातारा चालता चालता डोळे पुसत शेजारच्याला सांगत होता. त्याची उमर मास्तरांच्याच त्या संस्थानच्या पागेत गेली होती, आणि ह्या पोराला त्यानंच पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. राजेसाहेबांचा धाकटा मुलगा.

मांडवात पोचल्यावर मुलीचे वडील हात जोडून आले. "आपण इकडं कोचावर बसावं. आम्हाला कल्पना नव्हती."

"मी बँडाबरोबर आलोय," तो म्हणाला. "बँडाबरोबरच बसेन."

मी तिथं थांबलो नाही. मांडवामागं पाण्याचा टँकर होता, त्याच्या आड जाऊन उभा राहिलो. तो मागून आला. लाल कोट, पिवळी जर. आता ती जर बघून मला हसावं की ओरडावं ते कळेना.

"मला तुज्या वाड्याचा जिना चढायला सुदीक परवानगी लागली असती, व्हय?" मी म्हटलं.

"आपल्या खोलीचा जिना लाकडी आहे आणि त्याची तिसरी पायरी मोडलीय."

"इनोद करू नगं. खोटं बोललास."

"कुठं खोटं बोललो? वडिलांचा तनखा म्हणजे पगारच. तो बंद झालाच की."

मला हसू फुटलं आणि त्याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, "माझा आज्जा तुज्यासारख्यांच्या दारात हुबा राहायचा. आत बोलावत न्हवते. हे तुला ठाऊक असून माज्या ताटात जेवलास, आन् मला सांगितलं न्हाईस."

तो टँकरला टेकला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मला ताट उचलायला लावलं असतंस?"

"व्हय. दोनदा लावलं असतं."

"हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तिथं प्रत्येक माणूस माझ्याशी वाकून बोलायचा. मास्तरांनी लहानपणी कॉर्नेट शिकवला, तेवढाच तास मला कुणी 'चुकलास' म्हणायचं. म्हणून त्यांना शोधत सांगलीला आलो. तू भेटशील हे काही ठरवून आलो नव्हतो."

मी टँकरची तोटी सोडून तोंड धुतलं. पाणी गार होतं. डोकं थोडं जागेवर आलं. माणूस तोच होता. ज्याला मी स्टोव्ह शिकवला, जो झोपेत माझी चादर ओढतो. संस्थान काही त्यानं खिशात घालून आणलं नव्हतं.

"आत चल," मी म्हटलं. "पंगत उठंल."

आम्ही बँडाच्या पंगतीत जेवलो. मुलीचे वडील स्वतः वाढायला आले. त्या दिवशी ढोलवाल्यानं जिलबीवर जो हात मारला, त्याचं तो पुढं कित्येक वर्षं वर्णन करायचा.

बातमी त्याच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. थोरला भाऊ सांगलीला मोटार घेऊन आला. खोलीत आला नाही, गल्लीच्या तोंडाशीच मोटारीत बसून राहिला आणि त्याला खाली बोलावलं. मी वरून खिडकीतून बघत होतो. तो परत वर आला आणि म्हणाला, "लग्न ठरवतायत. आईसाहेबांनी बोलावलंय."

"जा की."

"तू पण चल."

"मी काय म्हनून यिऊ?"

"मी जो आहे तो तुझ्याशिवाय त्यांना सांगता येणार नाही."

मी म्हटलं, येतो. पण आधी वडूजला. तुझ्या आईला भेटायच्या आधी माझ्या आईबापाला कळलं पाहिजे, कुणाबरोबर राहतो ते.

वडूजला वडील ओसरीवर बसले होते. मी त्यांना बाजूला घेऊन तो कोण ते सांगितलं. आणि आम्ही आता एकत्रच राहणार, माझं लग्न बिग्न होणार नाही, हेही सांगितलं. वडिलांनी किती समजून घेतलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. ते अंगणात उभ्या त्याच्याकडं बघत राहिले.

"राजाचं पोरगं?"

"व्हय."

"वाजिवतो चांगलं?"

"लय चांगलं."

"मग भाईर का हुबा केलायस? आत ये म्हनावं. बुटं काढ म्हनावं."

आईला मात्र सगळं समजलं. ती आमच्या पुढ्यात बाजरीची भाकरी टाकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जेवण झाल्यावर त्यानं स्वतःचं ताट उचललं, माझंही उचललं, आणि मोरीवर नेऊन ठेवलं. आई ते बघत राहिली. निघताना तिनं मला तुपाची बरणी दिली. नेहमीपेक्षा मोठी होती.

त्याच्या गावी आम्ही एसटीनं गेलो. राजवाड्याचा पुढचा भाग शाळेला दिलेला होता आणि पोरं कन्नड-मराठी मिसळून दंगा करत होती. मागच्या अंगाला आईसाहेब राहायच्या. राजेसाहेब पुण्याला असायचे. आईसाहेब लहानखुऱ्या, पांढऱ्या पातळात, पाठ ताठ. "बसा," म्हणाल्या. मी खुर्चीवर बसलो. दाराशी उभी असलेली बाई दचकली. मी खाली बसेन अशी तिची समजूत होती. आईसाहेबांनी ते पाहिलं आणि तिला चहा आणायला पाठवलं.

"चिरंजीव लग्नाला नाही म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "मुलगी पाहिलीय का विचारलं, नाही म्हणाले. मग गप्प बसले. ते गप्प बसले की काहीतरी मोठं असतं. तुम्ही सांगा."

तो बोलायला गेला. त्यांनी हातानं थांबवलं. मी शहरी बोलायचा प्रयत्न केला नाही.

"आवं आईसाहेब, मुलगी न्हाई. मी हाय."

पलीकडच्या वर्गात पाढे सुरू झाले. पोरं एका सुरात ओरडत होती. आईसाहेबांनी पदर नीट केला.

"राजघराण्यात हे कधी झालंच नाही असं आम्ही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण लग्न करून झालं. लग्न करावं, मुलं व्हावीत, मग ज्याचं त्याचं मन ज्याच्या त्याच्याकडे. तसं करता येईल."

"मग त्या पोरीनं काय करायचं?" मी विचारलं.

भाऊ कोपऱ्यात उभा होता, तो रागानं पुढं आला. आईसाहेब त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "थांब." मग माझ्याकडं वळल्या.

"त्या पोरीनं काय करायचं असतं," त्या म्हणाल्या, "ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

राजेसाहेबांचं पुण्याला दुसरं बिऱ्हाड होतं, ते त्याच्या जन्माच्याही आधीपासून. हे मला त्यानं नंतर सांगितलं. पण त्या वाक्यातच त्यांचा सगळा संसार मला दिसला होता.

"लग्नाचा विषय संपला," आईसाहेब थोरल्याला म्हणाल्या. "मुलीकडच्यांना आम्ही सांगू." मग धाकट्याकडं वळल्या. "आम्हाला हे पटलेलं नाही. पटेल असंही वाटत नाही. पण दसऱ्याला तू इथं आला पाहिजेस. आम्ही असेपर्यंत."

"येईन," तो म्हणाला. "दोघं येऊ."

चहा आला. दोन कप सारखेच होते, पातळ, सोनेरी कडेचे. आईसाहेबांनी पहिला कप उचलून माझ्यापुढं धरला.

भावानं दाराशी त्याला गाठून सांगितलं, की लग्नात बिगुल फुंकत फिरायचं असेल तर इथल्या वाट्याची आशा धरू नकोस. "ठेवा," तो म्हणाला. "बिगुल नाही, कॉर्नेट." आम्ही दुपारची गाडी धरून सांगलीला आलो.

दसऱ्याला आम्ही खरंच दोघं जायचो. आईसाहेब असेपर्यंत गेलो. मला त्या कायम 'अहो बँडवाले' म्हणायच्या, आणि आपट्याचं पान आधी त्याला द्यायच्या, मग मला. भाऊ आम्ही गेलो की शेतावर निघून जायचा. ते कधी सुधारलं नाही, आणि आम्हीही त्याच्या मागं लागलो नाही.

मास्तर थकले तसा बँड आमच्या दोघांच्या हातात आला. कोट नवे शिवले, निळे, प्रत्येकाच्या मापाचे. सांगलीजवळ कुपवाडला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि उद्घाटन म्हटलं की बँड लागायचा. तो म्हणायचा, लग्नापेक्षा कारखाना बरा, कुणी रडत नाही. तिथल्याच एका कारखानदाराकडून त्यानं जुनी मोटारसायकल घेतली. मला मागं बसवून पहिल्यांदा निघाला तेव्हा पहिली पाळी सुटली होती. रस्ताभर कामगार, सायकली, स्कूटरी. माझ्या पाठीला क्लॅरोनेटची पेटी, दोघांच्या मधे त्याचा कॉर्नेट. खड्डा आला, मी त्याच्या कमरेला हात घातला आणि तसाच राहू दिला.

"पडशील, घट्ट धर," तो ओरडला.

"धरलंया," मी म्हटलं. "तू पुढं बघ."

बाजूनं आमचा ढोलवाला सायकलवरून चालला होता. त्यानं आम्हाला बघून घंटी वाजवली आणि ओरडून विचारलं, उद्या मिरजेच्या सुपारीला कितीला निघायचं. माझ्या पुढून त्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "सकाळी, चहा पिऊन," आणि गाडीचा वेग वाढवला.